निसर्गाविरुद्ध खोटी साक्ष

जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात वसई-विरारचा परिसर पाण्याखाली गेला होता. नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी चढल्याने गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, अनेक वस्त्यांत वीज नव्हती आणि मिठागरांतील शेकडो रहिवासी चहूबाजूंनी पाण्याने वेढले गेले होते. पूर ओसरल्यावर भरलेल्या एका मदतसभेला मी उपस्थित होतो. वक्त्यांनी आपद्ग्रस्तांविषयी सहानुभूती व्यक्त केली, स्वयंसेवकांचे कौतुक केले आणि शेवटी म्हणाले, ‘‘निसर्ग कोपला, त्याच्यापुढे माणसाचे काय चालणार?’’ मागच्या बाकावरचे एक वयोवृद्ध बागायतदार हलक्या आवाजात, पण सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, ‘‘निसर्ग कशाला कोपेल? पाणी आपल्या जुन्या वाटेने आले. त्या वाटेवर भराव कोणी टाकला?’’ या प्रश्नाला व्यासपीठावरून उत्तर मिळाले नाही. आभारप्रदर्शन झाले, चहा झाला आणि आम्ही घरोघर गेलो.

त्या दिवसापासून ‘निसर्गाचा कोप’ हा शब्दप्रयोग माझ्या कानांना खुपू लागला आहे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत, पुढाऱ्यांच्या भाषणांत आणि आमच्या प्रवचनांतही तो सहजपणे येतो. वरवर पाहता तो नम्रतेचा उद्गार वाटतो; माणसाने आपले क्षुद्रत्व मान्य केल्याचा भास त्यातून होतो. वस्तुतः ती नम्रता नाही, ती पळवाट आहे. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही अशा मुक्या आरोपीवर आपला अपराध ढकलण्याची ती युक्ती आहे. दहा आज्ञांपैकी आठवी आज्ञा खोट्या साक्षीला मनाई करते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणे हे पाप असेल, तर ज्या निसर्गाच्या मांडीवर आपण वाढलो त्याच्याविरुद्ध दररोज दिलेली खोटी साक्ष पुण्यात कशी जमा होईल?

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली. तो भूकंप कोणा माणसाने घडवला नव्हता. पृथ्वीच्या पोटातील हालचालींवर आपली सत्ता नाही. तेथेही माणसे मेली ती बहुतांशी दगडमातीच्या जड घरांखाली सापडून. पण भूमीचे हादरणे ही नैसर्गिक घटना होती, हे कोणीही मान्य करील. पृथ्वीच्या हवामानात गेल्या दीड-दोनशे वर्षांत जो पालट होत आहे, त्याची जात वेगळी आहे. या पालटाचा कर्ता कोण, हे आता तर्काने ठरवायचे राहिलेले नाही. तपास पूर्ण झाला आहे, पुरावा समोर आहे. राहिली आहे ती फक्त कबुली.

हा तपास काल-परवा सुरू झालेला नाही. १८५६ साली अमेरिकेतील युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइड भरलेले नळकांडे सर्वांत अधिक तापले आणि थंड व्हायलाही त्याला सर्वांत अधिक वेळ लागला. पुढे तीनच वर्षांनी जॉन टिंडल यांनी हे वायू उष्णतेचे किरण कसे शोषून घेतात, ते प्रयोगशाळेत मोजून दाखवले. १८९६ साली स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, की हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. त्यांचा आकडा आजच्या अंदाजापेक्षा काहीसा चढा होता. दिशा मात्र अचूक होती. म्हणजे लोकमान्य टिळकांच्या हयातीतच हे गणित छापून झाले होते.

या गणितामागील तत्त्व अवघड नाही. सूर्याचा प्रकाश वातावरणातून सहज खाली येतो आणि जमीन तापवतो. तापलेली जमीन ती ऊब अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे परत पाठवते. वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू त्या किरणांना अडवतात आणि काही उष्णता पुन्हा खाली फेकतात. हे पांघरूण मुळातच नसते, तर पृथ्वी गोठून गेली असती. ती परमेश्वराची कृपाच म्हणायची. पण भर वैशाखात अंगावरच्या एका गोधडीवर कोणी दुसरी, तिसरी, चौथी गोधडी टाकत राहिला, तर गुदमरणाऱ्याने दोष वैशाखाला द्यावा की गोधड्या टाकणाऱ्याला?

१९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ या पर्वतावर हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजायला आरंभ केला. त्या वेळी हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे ३१५ होते. २०२४ साली ते ४२४ च्या पुढे गेले. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते २८० च्या आसपास असे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकून पडलेले प्राचीन हवेचे बुडबुडे तपासले असता, गेल्या आठ लाख वर्षांत ते कधी ३०० च्या फारसे पलीकडे गेल्याचे आढळत नाही. जे आठ लाख वर्षांत घडले नाही, ते आपण दोन शतकांत करून दाखवले.

‘हा वाढीव वायू माणसाचाच कशावरून? ज्वालामुखीही तो ओकतात,’ असा आक्षेप अजून ऐकू येतो. त्याचे उत्तर वायूच्याच अंगावर लिहिलेले आहे. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेले असल्याने त्यांच्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बनचा अंशही उरलेला नसतो. कार्बनचा तेरा वजनाचा प्रकारही त्यांत तुलनेने कमी असतो. हवेतील कार्बनमध्ये नेमके हेच दोन बदल आढळले आहेत. शिवाय जळणाला प्राणवायू लागतो. कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग यांनी हवेतील प्राणवायू मोजला, तेव्हा जळणाच्या हिशेबाला साजेशी घट त्यात दिसून आली. जगातील सारे ज्वालामुखी मिळून जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाने सोडलेल्या वायूच्या एक टक्काही भरत नाही. चोराने घरभर बोटांचे ठसे ठेवावेत, आणि आपण मात्र वाऱ्याने दार उघडले असेल म्हणून समाधान मानावे, असा हा प्रकार आहे.

दुसरा संशयित सूर्य. सूर्य प्रखर झाल्याने पृथ्वी तापली असती, तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा थर थंड होतो आहे. पांघरुणाने आतली ऊब अडवली तर असेच व्हायला हवे, हे स्युकुरो मानाबे यांनी १९६७ मध्येच गणिताने दाखवून दिले होते. त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल्या चार दशकांत सूर्याच्या तेजात वाढ झालेली नाही. पृथ्वीचे तापमान मात्र चढतच गेले आहे. तेव्हा सूर्यालाही निर्दोष सोडावे लागते. पिंजऱ्यात एकच आरोपी उरतो.

आता परिणामांकडे वळू. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींनुसार २०२४ हे मोजमापांच्या इतिहासातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरासरीपेक्षा त्या वर्षीचे तापमान सुमारे दीड अंशाने अधिक होते. २०१५ ते २०२४ ही दहा वर्षे तोवरची दहा सर्वांत उष्ण वर्षे होती. दीड अंश हा आकडा ऐकताना क्षुल्लक वाटतो. पण अंगात दीड अंश ताप असलेल्या मुलाची आई त्याला क्षुल्लक म्हणत नाही. साठलेल्या या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक महासागरांनी पोटात घेतली आहे. तापलेले पाणी फुगते, हिमनद्या वितळतात आणि समुद्र वर चढतो. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटरने वाढली. हवेतील वायूचा बराच भाग समुद्र शोषून घेतो, त्यामुळे त्याच्या पाण्याची आम्लता वाढत आहे. समुद्राने आपले केवढे पाप झाकले आहे! आणि त्याच समुद्राला आपण ‘कोपलेला’ म्हणतो.

आपल्या दारातल्या अरबी समुद्राची कहाणी विशेष आहे. चक्रीवादळे बंगालच्या उपसागरात उठायची, आपला समुद्र त्या मानाने शांत, अशी आपल्या वाडवडिलांची समजूत होती आणि ती खरीही होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. एकट्या २०१९ मध्ये या समुद्रात पाच चक्रीवादळे उठली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वादळांची नावे आधीच्या यादीनुसार क्रमाने येतात, त्यात कोणाचा हेतू नसतो; तरीही त्या वादळाला नेमके हेच नाव मिळावे, हा योगायोग मला बोचत राहिला. आपली खोटी साक्ष जणू सरकारी दप्तरात नोंदली गेली.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ मुंबईजवळच्या समुद्रातून गुजरातकडे गेले. तेलक्षेत्रात काम करणाऱ्या मजुरांचा पी-३०५ हा तराफा त्यात बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसे प्राणास मुकली. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. आता पाहा : ज्या तेलाच्या जळणाने समुद्र तापला त्याच तेलाच्या उपशावर पोट असलेली ही माणसे, इशारा असतानाही समुद्रात राहिली आणि बुडाली. यातला कोणता धागा निसर्गाने विणला होता?

पावसाचेही तेच. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. म्हणून पाऊस रुसतो तेव्हा अधिक दिवस रुसतो आणि पडतो तेव्हा कोसळतो. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. उन्हाळ्याचे काय झाले ते १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरने पाहिले. भर दुपारच्या उन्हात झालेल्या एका शासकीय सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा जण दगावले. त्या महिन्यात भारतात व बांगलादेशात पडलेल्या दमट उष्णतेची शक्यता हवामान-बदलाने किमान तीसपट वाढवली होती, असा निष्कर्ष वैज्ञानिकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने काढला.

परंतु खोट्या साक्षीविरुद्ध लिहिताना आपणही खोटे लिहिता कामा नये. प्रत्येक पूर आणि प्रत्येक वादळ केवळ हवामान-बदलानेच आले, असे कोणताही जाणता शास्त्रज्ञ म्हणत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला जेमतेम ७४. त्या एका ढगफुटीचे खापर सरळ तापमानवाढीवर फोडता येणार नाही. पण मिठी नदी कोणी आवळली? तिच्या पात्रात भराव, झोपड्या, कारखाने, विमानतळाच्या धावपट्टीचे बांधकाम हे सारे कोणी आणले? आकाशातला अपराध शाबीत झाला नाही, तरी जमिनीवरचा शाबीत होतोच. बहुतेक वेळा दोन्ही अपराध हातात हात घालून येतात : पाऊस वाढवणाराही माणूस आणि पावसाची वाट बुजवणाराही माणूस. ‘हवामान-बदल’ हा शब्द काही अधिकाऱ्यांना अलीकडे फार आवडू लागला आहे तो यामुळेच. नाल्यावरच्या इमारतीला परवानगी देणाऱ्यांना ‘निसर्गाचा कोप’ या जुन्या शब्दाऐवजी आडोशाला एक नवा, शास्त्रीय शब्द मिळाला आहे.

पवित्र शास्त्राच्या आरंभीच पळवाटेची पहिली गोष्ट आहे. परमेश्वराने विचारल्यावर आदामाने एवेकडे बोट दाखवले, एवेने सर्पाकडे. हवामानाच्या प्रश्नात आज तेच चालले आहे. फरक इतकाच, की आता सर्पाकडे उत्तम वकील आणि जाहिरातदार आहेत. एक्झॉन या तेल कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्यांच्याच एका शास्त्रज्ञाने १९७७ साली सांगितले होते, की खनिज इंधनांच्या ज्वलनाने पृथ्वी तापण्याचा धोका आहे. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या काळात वर्तवलेले तापमानवाढीचे अंदाज पुढे बहुतांशी बरोबर निघाले, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले. असे असूनही १९८९ पासून तेल, कोळसा व मोटारी यांच्या धंद्यातील बड्या मंडळींनी संघटना काढून, विज्ञान अजून अनिश्चित आहे, असा प्रचार वर्षानुवर्षे चालवला. ज्याला ठाऊक नाही तो अज्ञानी ठरतो. ज्याला ठाऊक असून तो उलटे सांगतो, त्याला काय म्हणावे, हे आठव्या आज्ञेने सांगून ठेवले आहे.

राष्ट्रांच्या परिषदांनीही नाव घेण्याचे किती टाळावे! १९९२ साली रिओ येथे वसुंधरा परिषद झाली, १९९७ साली क्योटोचा करार झाला, २०१५ साली पॅरिसचा. पॅरिस कराराच्या संपूर्ण मसुद्यात कोळसा, तेल किंवा खनिज इंधने हे शब्द सापडत नाहीत. मद्यपाशाच्या निवारणासाठी करार करावा आणि त्यात दारू हा शब्दच लिहू नये, तसे हे झाले. खनिज इंधनांपासून दूर जाण्याची भाषा अधिकृत निर्णयात पहिल्यांदा आली ती २०२३ साली, दुबईच्या अठ्ठाविसाव्या परिषदेत. २०२५ साली ब्राझीलमधील बेलेम येथे झालेल्या परिषदेच्या मुख्य निर्णयात मात्र त्यांचे नाव पुन्हा वगळले गेले. अपराधाचे नाव घेतल्याशिवाय कबुली होत नाही, हे आपल्यातील पहिल्या कम्युनियनची तयारी करणारे मूलही जाणते.

याहून सूक्ष्म अशी एक पळवाट आहे आणि ती सुशिक्षितांना विशेष प्रिय आहे. ‘मानवजातच दोषी आहे, आपण सारेच पापी आहोत,’ असे म्हणून दोष सर्वांवर सारखा शिंपडायचा. सर्वच दोषी म्हटले, की कोणीच दोषी राहत नाही. हिशेब मात्र वेगळे सांगतो. आजवर जगात जळलेल्या खनिज इंधनांच्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा वाटा अवघा तीन-चार टक्के. आज अमेरिकन माणूस वर्षाला सरासरी सुमारे चौदा टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतीय माणूस सुमारे दोन टन. २०२२ साली पाकिस्तानात महापूर आला. सतराशेहून अधिक माणसे मेली, तीन कोटी तीस लाख लोकांना झळ पोहोचली. जगाच्या प्रदूषणात त्या देशाचा वाटा एक टक्काही नाही. सिंधुकाठच्या त्या शेतमजुराला, मानवजात म्हणून तूही अपराधी आहेस, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

येथपर्यंत वाचून आपल्यापैकी अनेकांनी समाधानाचा नि:श्वास टाकला असेल : चला, दोष पाश्चात्त्यांचा निघाला! वाचकहो, हा लेख मुळात या समाधानाविरुद्धच लिहिला आहे. भारतीय माणसाचे दोन टन ही सरासरी आहे, आणि सरासरीच्या पदराखाली फार मोठी विषमता लपते. मिठागरात राबणारे कुटुंब, वसईच्या पूर्वपट्टीतील वीटभट्टीवर स्थलांतर करणारा आदिवासी, भाताच्या खाचरात उतरलेली मजूर बाई यांच्या कमी वापरामुळे ही सरासरी खाली राहते. आणि ती सरासरी पुढे करून आपण आपली दोन वातानुकूलन यंत्रे, दोन मोटारी, वर्षाकाठचा परदेशी विमानप्रवास झाकतो. जगातील सर्वाधिक उत्सर्जन करणारी दहा टक्के कुटुंबे एकूण उत्सर्जनापैकी ३४ ते ४५ टक्के उत्सर्जनास कारणीभूत आहेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरसरकारी मंडळाने नमूद केले आहे. ही कुटुंबे केवळ न्यूयॉर्क-लंडनला राहत नाहीत. काही मुंबईत राहतात. काही, संकोच सोडून लिहायचे तर, आपल्या वाड्यांतून उभ्या राहिलेल्या बंगल्यांतही राहतात. गरिबाचे दारिद्र्य आपल्या चैनीच्या बचावासाठी साक्षीला उभे करणे, ही दुसरी खोटी साक्ष होय. आणि एकूण उत्सर्जनात आपला देश आज जगात तिसरा आहे, हे विसरून कसे चालेल?

आमच्या समाजाला तर या विषयात अज्ञानाची सबबही नाही. विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत वसईच्या विहिरींतून टँकर पाणी उपसू लागले आणि गोड्या विहिरी मचूळ होऊ लागल्या, तेव्हा या भूमीने आवाज उठवला होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने हिरव्या पट्ट्यासाठी जो लढा दिला, तो महाराष्ट्राने पाहिला. २०२४ च्या जुलैत फादर गेले. त्यांच्या श्रद्धांजली सभांत आम्ही उदंड बोललो. पण त्यांना वाहिलेल्या फुलांइतकी तरी बावखले आम्ही वाचवली आहेत काय? पानवेलींची आणि राजेळी केळींची ती वाडी, पावसाचे पाणी पोटात घेणारी ती बावखले, भरतीचे पाणी जिरवणारी ती खाजणे आणि तिवरांची राने यांतले किती बिल्डरने बळाने घेतले आणि किती आम्ही सातबाऱ्यावर सही करून स्वखुशीने दिले? बावखल बुजवताना ट्रकभर माती टाकणारा मजूर आम्ही पाहिला. मातीचे पैसे देणारा आणि जमिनीचे पैसे घेणारा, दोघेही रविवारी मिस्सेला पहिल्या रांगांत होते.

तिसरी पळवाट धर्माच्या नावाने काढली जाते आणि म्हणून तिचा समाचार येथेच घेतला पाहिजे. काहीजण म्हणतात, ही शेवटच्या काळाची चिन्हे आहेत. आपण प्रार्थना करावी. काहीजण उत्पत्तीच्या पुस्तकाचा दाखला देतात, की पृथ्वीवर सत्ता चालवण्याचा अधिकार देवानेच माणसाला दिला. याच अधिकाराच्या कल्पनेवर बोट ठेवून लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६७ साली पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेला पर्यावरणाच्या संकटाबद्दल जबाबदार धरले होते. त्या आरोपावर केवळ रागावून चालणार नाही. त्यात तथ्य होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात त्याला उत्तर दिले, आणि ते उत्तर बचावाचे नव्हते, दुरुस्तीचे होते. ख्रिस्ती लोकांनी कधीकधी शास्त्राचा चुकीचा अर्थ लावला हे मान्य करून त्यांनी स्पष्ट केले, की माणसाला दिलेली सत्ता ही लुटारूची नसून राखणदाराची आहे. बाग कसावी आणि जपावीही. हवामान ही सर्वांच्या मालकीची, सर्वांच्या हिताची ठेव आहे, असे त्यांनी लिहिले. २०२३ च्या ‘लाउदाते देउम’ या पत्रात तर त्यांनी मानवी कारणांविषयी आता शंका घेण्यास जागा नाही असे बजावले आणि अशी शंका कॅथॉलिक चर्चमध्येही भेटते, याबद्दल खेद व्यक्त केला. एप्रिल २०२५ मध्ये ते देवाघरी गेले. त्यांची तसबीर लावणे सोपे आहे. त्यांची दोन्ही पत्रे किती धर्मग्रामांत वाचली गेली, हा अवघड प्रश्न आहे.

प्रार्थनेला माझा विरोध नाही. पाऊस लांबला की पावसासाठी प्रार्थना करण्याची आपली रीत सुंदर आहे. पण तिवरे तोडून झाल्यावर पुरापासून रक्षण करण्याची विनवणी देवाला करणे, ही त्याची परीक्षा पाहणे होय. देव आपल्या चुकांचा सफाई कामगार नव्हे.

‘मूठभर वसईने काय होणार? कोळसा देश जाळतो, तेल जग जाळते,’ हा शेवटचा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप. तो मी हसण्यावारी नेत नाही. एखाद्या कुटुंबाने दिवे मालवल्याने ध्रुवावरचे बर्फ थांबणार नाही, हे खरे. म्हणूनच प्रश्न केवळ खासगी सद्गुणांचा नाही, सार्वजनिक निर्णयांचा आहे. २०२५ मध्ये आपल्या देशाच्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता सूर्य, वारा, पाणी, अणू अशा बिगर-खनिज मार्गांची झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. प्रत्यक्ष तयार होणारी बहुतांश वीज मात्र अजून कोळशावरच येते. ही दरी कोण बुजवणार, किती वेगाने, कोणाच्या खर्चाने, हे निवडणुकीत विचारण्याचे प्रश्न आहेत. आम्ही उमेदवाराला गटाराविषयी विचारतो, स्मशानभूमीच्या कुंपणाविषयी विचारतो. पाणथळ जागांच्या नकाशाविषयी विचारत नाही. मासेमारांना वादळाचा इशारा मिळाल्यावर बुडालेल्या दिवसांची भरपाई कोण देणार, हे विचारत नाही. आपली चर्चे, शाळा, सभागृहे यांच्या विस्तीर्ण छपरांवर सौरपत्रे का नाहीत, हे आपण आपल्यालाच विचारत नाही.

आपल्या परंपरेत पापमोचनाचा मार्ग ठरलेला आहे. आधी विवेकाची तपासणी, मग पश्चात्ताप, मग नावानिशी कबुली, मग पुन्हा न करण्याचा निश्चय आणि शेवटी नुकसानीची भरपाई. ज्याने शेजाऱ्याचे कुंपण मोडले, त्याने केवळ छाती पिटून भागत नाही, कुंपण बांधून द्यावे लागते. श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांच्या हानीसाठी निधी उभारावा हे २०२२ साली शर्म-अल-शेखच्या परिषदेत तत्त्वतः मान्य झाले. अमेरिकेकडून ती भरपाई मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पण तोच न्याय मिठागरातील कुटुंबाने आपल्याला लावला, तर आपण कोणत्या तोंडाने नाकारणार?

हा सारा मार्ग सुरू होतो तो कबुलीपासून, आणि कबुलीची पहिली अट ही, की दुसऱ्यावर ढकलायचे नाही. म्हणून माझी मागणी लहान आहे. यापुढे पूर येईल, वादळ येईल, उन्हाने माणसे मरतील, तेव्हा आपल्या प्रवचनांतून, ठरावांतून, शोकसंदेशांतून आणि या नियतकालिकाच्या पानांतूनही ‘निसर्गाचा कोप’ हे शब्द काढून टाकावेत. त्यांच्या जागी जे घडले ते लिहावे : किती पाऊस झाला, समुद्र किती तापला होता, नाला कोठे बुजवला होता, परवानगी कोणी दिली, जमीन कोणी विकली, इशारा कधी मिळाला, मेलेली माणसे कोण होती. असे लिहिताना काही वेळा आपलेच नाव लिहावे लागेल. ते लिहिण्याचे धैर्य आल्यावर पुढचे प्रायश्चित्त आपोआप सुचेल.

मदतसभेतील ते वृद्ध बागायतदार आता हयात नाहीत. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र त्या सभागृहात अजून अनुत्तरित उभा आहे. भराव कोणी टाकला, हे आम्हा सर्वांना त्या दिवशीही ठाऊक होते.